आधी फुंका, मग चावी फिरवा

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ, उच्च न्यायालयाचं मुख्य पीठ जबलपूरला. पण अबकारी आयुक्त आणि परिवहन आयुक्त या दोघांची मुख्यालयं ग्वाल्हेरला आहेत. १९५६ साली मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल मिळून नवं राज्य झालं, तेव्हा जुन्या राजधान्यांचा मान राखण्यासाठी मोठी कार्यालयं शहराशहरांत वाटली गेली आणि ही दोन खाती शिंद्यांच्या राजधानीच्या वाट्याला आली. राज्यात दारू कुठे विकायची हे पाहणारं खातं आणि रस्त्यावर गाडी कुणी चालवायची हे पाहणारं खातं, दोन्ही एकाच गावात.

या दोन खात्यांच्या मधल्या जागेत एक प्रश्न बरीच वर्षं पडून आहे. दारू पिऊन गाडी चालवताना एकदा पकडला गेलेला, शिक्षा झालेला माणूस पुन्हा पिऊन गाडीत बसला, तर त्याला अडवणार कोण?

आजची पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. रात्री चौकात बॅरिकेड लागतं, गाडी कडेला घेतली जाते, पोलीस यंत्राला नवी नळी लावतो आणि फुंकायला सांगतो. पडद्यावर आकडा येतो, त्याची पावती निघते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. हा दंड चौकात भरून सुटता येत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा पकडलं गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयानं रस्ता सुरक्षेसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन समितीनं तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं, की अशा चालकाचं लायसन किमान तीन महिने निलंबित करा.

मग दंड भरला जातो, गाडी सोडवून आणली जाते. लायसन निलंबित असतं, पण गाडीला ते माहीत नसतं. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं. समोर बसलेला माणूस शुद्धीत आहे की नाही, त्याला गाडी चालवायची परवानगी आहे की नाही, हे ती विचारत नाही.

हा प्रश्न गाडीलाच विचारायला लावणारं यंत्र जगात काही दशकांपासून वापरात आहे. त्याचं नाव इग्निशन इंटरलॉक. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत त्याबद्दल या ना त्या स्वरूपाचा कायदा आहे. भारतात मात्र कलम १८५ च्या शिक्षेत त्याला जागा नाही.

यंत्र दिसायला साधं आहे. डॅशबोर्डच्या खाली एक छोटी पेटी, तिची जोडणी स्टार्टरच्या वायरिंगशी. तिच्यापासून निघालेल्या गुंडाळीदार वायरच्या टोकाला मोबाइलएवढा हातात धरायचा भाग आणि त्यावर बदलता येणारी तोंडाची नळी. चालक सीटवर बसतो, किल्ली पहिल्या खाचेपर्यंत फिरवतो, यंत्र काही क्षण तापू देतो. तयार असल्याची खूण दिसली की एका दमात, न थांबता काही सेकंद फुंकायचं. वरवरची हवा चालत नाही; फुप्फुसाच्या तळातली हवा यावी म्हणून यंत्र ठरावीक मापाचा श्वास मागतं, तो अर्धवट पडला तर पुन्हा फुंकायला लावतं. अल्कोहोल मर्यादेत असेल तर स्टार्टरचा मार्ग मोकळा होतो. मर्यादेबाहेर असेल तर इंजिन सुरू होत नाही, काही मिनिटं यंत्र बंद राहतं आणि त्या फुंकरीचा आकडा, तारीख, वेळ आत नोंदली जाते.

मित्राला फुंकायला लावलं तर? ही पळवाट यंत्र बनवणाऱ्यांनाही सुचली होती. म्हणून गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळानं, आणि नंतर अधूनमधून, यंत्र पुन्हा फुंकर मागतं. चालत्या गाडीचं इंजिन ते बंद करत नाही, कारण भर रस्त्यात गाडी बंद पडली तर मागच्यांच्या जिवावर बेतायचं. पण फुंकर मर्यादेबाहेर निघाली किंवा दिलीच नाही तर नोंद होते, आणि अनेक मॉडेलांत हॉर्न व दिवे चालू होऊन गाडी बाजूला घेईपर्यंत थांबत नाहीत. फुगवलेल्या फुग्यातली हवा सोडून यंत्राला फसवण्याचेही प्रयत्न झाले. त्यावर काही कंपन्यांनी फुंकताना सूर धरायला किंवा फुंकून लगेच हवा ओढायला लावणारी पद्धत आणली. शिवाय चालकाच्या चेहऱ्याचा फोटो घेणारा कॅमेरा आला.

सगळा भरवसा आतल्या सेन्सरवर असतो, आणि खरं काम आणि कॉलेजच्या प्रदर्शनातलं मॉडेल यांतला फरक इथेच पडतो. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी ‘दारू प्यायलात तर गाडी सुरू होणार नाही’ असं मॉडेल हमखास करतात. त्यात बहुतेक वेळा एमक्यू-३ नावाचा स्वस्त सेन्सर असतो. टिन ऑक्साइडच्या थरावर वाफ पोचली की त्याचा विद्युत-रोध बदलतो, त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. पण सॅनिटायझर, अत्तर, पेट्रोलची वाफ अशा अनेक गोष्टींना तो दाद देतो. थंडी, उष्मा, दमट हवा यांनीही बिघडतो. दारूला हात न लावणाऱ्या माणसाची गाडी सॅनिटायझर चोळल्यामुळे अडकून बसली, तर असं यंत्र आठवडाभरात लोक उपटून फेकतील.

इंटरलॉकमध्ये फ्युएल सेल असतो. त्यातल्या प्लॅटिनमच्या पत्र्यावर श्वासातल्या इथेनॉलचं ॲसेटिक आम्ल होतं, त्या क्रियेत वीज तयार होते, आणि जितकं अल्कोहोल तितकी वीज जास्त. पेट्रोलच्या वाफेचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. श्वासावरून रक्ताचा अंदाज बांधण्यासाठी साधारणपणे २,१०० ला १ हे प्रमाण धरतात: २,१०० मिलिलिटर श्वासात जितकं अल्कोहोल, तितकं १ मिलिलिटर रक्तात. आपल्या कायद्यातली ३० मिलिग्रॅमची मर्यादा या हिशेबानं एक लिटर श्वासात ०.१४ मिलिग्रॅमच्या आसपास येते. इतकं थोडं मोजायचं तर सेन्सर वेळच्या वेळी तपासून जुळवून घ्यावाच लागतो. म्हणून ज्या देशांत हे यंत्र सक्तीचं आहे तिथे चालकाला ठरावीक दिवसांनी केंद्रावर गाडी न्यावी लागते. तिथे सेन्सर जुळवला जातो आणि साठलेल्या सगळ्या नोंदी उतरवून घेतल्या जातात.

या यंत्राचा एक फायदा चौकातल्या पोलिसाला कधीच मिळवून देता येणार नाही. शरीर अल्कोहोल आपल्या गतीनंच जाळतं. सरासरीनं १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतार पडतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. मध्यरात्री एखाद्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सात वाजता जवळपास ४५ उरलेले असतात. तो झोपून उठलेला असतो, दाढी करून, चहा घेऊन निघालेला असतो, स्वतःला ठीक समजत असतो, आणि तरीही कायद्याच्या मर्यादेच्या वर असतो. रात्रीची नाकाबंदी तोवर उठलेली असते. शाळेच्या बस मात्र सकाळी सातलाच सुटतात.

अमेरिकेत पोलिसांची श्वास-तपासणी रुळली ती रॉबर्ट बॉर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये बनवलेल्या ब्रेथलायझरमुळे. असं यंत्र गाडीच्या किल्लीशी जोडायची कल्पना १९६९ च्या सुमारास पुढे आली, पण न्यायालयाच्या कामात ती उतरायला वेळ लागला. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून चार काउंट्यांत प्रयोग सुरू केला. २००५ मध्ये न्यू मेक्सिकोनं पहिल्याच गुन्ह्यापासून ते सर्वांना लागू केलं. आता तीसहून जास्त राज्यांत हीच पद्धत आहे. एडिसन आणि आसपासच्या मराठी वस्तीला ठाऊक असेल, की न्यू जर्सीनं डिसेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला केवळ लायसन काढून घेण्याऐवजी गाडीत इंटरलॉक बसवण्यावर भर दिला. कॅनडातल्या ओंटारिओत तर हे २००१ पासून आहे.

युरोपनं आणखी एक वाट धरली: गुन्हा घडायची वाट न पाहता प्रवासी वाहनांनाच यंत्र लावायचं. फ्रान्समध्ये सप्टेंबर २०१५ पासून सर्व कोच बसांना ते सक्तीचं झालं. फिनलंडमध्ये २०११ पासून शाळकरी मुलांची ने-आण करणाऱ्या वाहनांना ते लागतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार जुलै २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत हे यंत्र सहज बसवता येईल अशी सोय द्यावीच लागते.

परिणाम काय? अनेक अभ्यासांचा २०११ मध्ये अमेरिकेत एकत्रित आढावा घेतला गेला. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा पिऊन पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशानं घटलेलं दिसलं. पहिल्या गुन्ह्यापासून सर्वांना सक्ती करणाऱ्या राज्यांत दारूशी संबंधित अपघाती मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासानं दाखवलं. पण २०११ च्या आढाव्यात आणखी एक निष्कर्ष होता, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे. यंत्र काढलं की प्रमाण पुन्हा जवळजवळ पहिल्या जागी येतं. गाडी थांबवणं आणि पिणं थांबवणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यंत्र पहिलीच करू शकतं.

स्वीडनच्या व्यवस्थेत दुसऱ्या गोष्टीचाही विचार आहे. १९९९ मध्ये तिथे प्रयोग सुरू झाला आणि २०१२ मध्ये पक्का कायदा आला. लायसन गमावण्याऐवजी एक किंवा दोन वर्षं इंटरलॉक लावून गाडी चालवायची मुभा मिळते. ज्यांना दारूचं व्यसन आहे त्यांना दोन वर्षं आणि जोडीला वैद्यकीय तपासण्या. यंत्रातल्या नोंदी वाचणारे लोक आहेत आणि नोंद बिघडली की पुढे काय करायचं हे ठरलेलं आहे. या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाचा माणूस तो, जो महिन्याच्या महिन्याला त्या नोंदी उघडून पाहतो. तो नसेल तर डॅशबोर्डखाली फक्त एक महागडी पेटी उरते.

भारतात दारू आणि रस्ता यांची गाठ सोडवण्याचे प्रयत्न झाले ते बहुतेक दुकानाच्या बाजूनं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारू दुकानं बंद करायला सांगितलं. पुढे लहान गावांसाठी अंतर कमी झालं आणि शहरी हद्दीला सूट मिळाली. मध्य प्रदेशनं १ एप्रिल २०२३ पासून दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे तिथेच बसून प्यायच्या जागा, बंद केले. १ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या १९ धार्मिक गावांत दारूविक्रीवर बंदी आली. ग्वाल्हेरहून झाशीच्या वाटेवरचं दतिया त्यांपैकी एक. दारू कुठे मिळावी आणि कुठे प्यावी यावर इतके नियम झाले, पण प्यालेला माणूस स्टिअरिंगपुढे बसल्यावर गाडी सुरूच होऊ नये यासाठी एकही झाला नाही.

रस्त्यावर त्याचा हिशेब मोठा आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. त्याच वर्षी अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश ५४ हजारांवर जाऊन तमिळनाडूच्या खालोखाल होता. सरकारी आकडेवारीत त्यातले फार थोडे दारूच्या खात्यावर पडतात, आणि त्याचं एक कारण पुराव्यात आहे. तोंडाला वास येत होता, झोक जात होता, एवढ्यावर दारूचा अंमल सिद्ध होत नाही, हे बच्चूभाई करियानी यांच्या महाराष्ट्रातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच स्पष्ट केलं होतं. आकडा हवा, आणि तो वेळेत हवा.

वेळेत आणि नीट घेतलेल्या आकड्याचं मोल महाराष्ट्रानं दोनदा पाहिलं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण मेले. ॲलिस्टर परेरा या चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं होतं, आपल्या मर्यादेच्या जवळपास पावणेचारपट. तो अहवाल हाती होता, म्हणून जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा कायम केली तेव्हा नशेचा मुद्दा टिकला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शेखाली दोन तरुण इंजिनीअर गेले. दोघंही मध्य प्रदेशचे. त्या मुलाच्या रक्ताचा नमुना ससून रुग्णालयात बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे, आणि त्यात डॉक्टरांना अटक झाली.

शिक्षेनंतर बसवायचं इंटरलॉक या दोन्ही घटना टाळू शकलं नसतं. तो उपाय एकदा पकडल्या गेलेल्यांसाठी आहे. पण पुण्याची घटना एक गोष्ट लख्ख दाखवते: अपघातानंतर काही तासांनी, अनेक हातांतून जाणाऱ्या नमुन्यावर सगळा न्याय टांगून ठेवणं किती धोक्याचं आहे. गाडीतल्या यंत्राची नोंद किल्ली फिरवायच्या आधीच झालेली असते.

भारतात अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. इथे रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा, आणि किकनं सुरू होणाऱ्या मोटारसायकलला असं यंत्र लावून ते शाबूत ठेवणं कठीण. एकच गाडी घरातले चौघे चालवतात. शिक्षा झालेला माणूस भावाची गाडी घेऊन जाऊ शकतो. यंत्र, ते बसवणं आणि दर महिन्याची तपासणी यांचा खर्च परदेशात गुन्हेगाराकडूनच घेतात. ऑटोवाल्याला तो झेपेल का, हा प्रश्न आहे. आणि वेग-नियंत्रकांचा अनुभव समोर आहे. प्रवासी आणि माल वाहनांना ते सक्तीचे झाले, पण त्यांच्याशी छेडछाड करून गाडी पळवणारेही निघाले.

तरीही याच देशात दोन खाती रोज हे काम करून दाखवतात. रेल्वेच्या लॉबीत लोको पायलट ड्युटीवर येतो तेव्हा त्याला यंत्रात फुंकावं लागतं, ड्युटी संपल्यावर पुन्हा. ती फुंकर क्रू मॅनेजमेंटच्या संगणकाशी जोडलेली असते; अल्कोहोल निघालं तर गाडी त्याच्या हाती दिली जात नाही. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत तर थोडीही सूट नाही. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत वैमानिक पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. ग्वाल्हेर स्टेशनवरून रोज जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा चालक अशी फुंकर देऊन आलेला असतो. स्टेशनच्या बाहेर उभ्या बसच्या चालकाला मात्र ती कुणी मागत नाही.

म्हणून सुरुवात सगळ्यांपासून करू नये. जिथे नोंद वाचणारा माणूस आधीच आहे तिथून करावी. शाळेच्या बस, आंतरराज्य खासगी बस आणि कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या यांना मालक असतो, डेपो असतो, ठरलेली वेळ असते. कायद्यानं प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला परमिट देताना अटी घालायचा अधिकार आहेच. पहिल्या टप्प्यात रोज सकाळी चालकाची फ्युएल सेल यंत्रावर तपासणी आणि तिची नोंद एवढी अट पुरेल. दुसऱ्या टप्प्यात नव्या बसांना इंटरलॉक. दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्या चारचाकीवाल्यांसाठी मात्र संसदेला कलम १८५ मध्ये हात घालावा लागेल, आणि तेव्हा तिथे स्वीडनसारख्या वैद्यकीय तपासण्यांची आणि व्यसनमुक्ती उपचारांची जोड लिहिली गेली पाहिजे. ती नसेल तर यंत्र निघाल्यावर सगळं मूळपदावर येईल, हे अमेरिकेनं आपल्यासाठी तपासून ठेवलं आहे.

पालकांना यातल्या पहिल्या टप्प्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही. शाळा बस-कंत्राटदाराकडून फिटनेस, विमा, परमिट आणि चालकाचं लायसन मागून घेते. जूनमध्ये करार नवा होताना पालक-शिक्षक संघानं त्यात एक कलम घालून घ्यावं: बस निघण्यापूर्वी चालकाची रोजची श्वास-तपासणी, तिच्या वेळेसह वही, आणि ती वही महिन्यातून एकदा शाळेत उघडून पाहणारा एक नेमलेला माणूस.